हिब्रू नाव कसं फोडायचं

देवदत्त म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हेच नाव हिब्रू बायबलमध्ये चार रूपांत भेटतं: योनाथान, नथन्या, एलनाथान, नथनेल. चारही नावांत धातू एकच, न-त-न, म्हणजे देणे. पहिल्या दोघांत देणारा याहवे, म्हणजे इस्रायलच्या देवाचं नाव; पुढच्या दोघांत एल, म्हणजे देव. देवदत्त हा समास आहे. ही हिब्रू नावं मात्र कर्ता-क्रियापदासह पूर्ण वाक्यं आहेत: ‘देवानं दिला’.

नाव फोडताना आधी देवाचा तुकडा बाजूला काढावा. याहवे सुरुवातीला आला तर ‘यहो-’ किंवा ‘यो-’ होतो, शेवटी आला तर ‘-याहू’ किंवा ‘-या’. ‘एल’ दोन्हीकडे तसाच राहतो. मग उरलेल्या भागात धातूची तीन व्यंजनं शोधावीत. त्यांच्याआधी ‘यि’ असेल तर क्रिया अजून पुरी झालेली नाही. इश्माएल मुळात यिश्माएल, म्हणजे ‘देव ऐको’ किंवा ‘देव ऐकेल’. तुकड्यांची अदलाबदल झाली तरी अर्थ बदलत नाही. दक्षिणेकडच्या यहूदा राज्याच्या एका राजाला बायबलमधल्या ‘2 इतिहास’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात यहोआहाज म्हटलंय, 22व्यात अहज्या. माणूस एकच, अर्थही एकच: ‘याहवेनं धरलं’.

घोळ होतो तो लिप्यंतरामुळे. अलेफ आणि अयिन ही हिब्रूतली दोन वेगळी व्यंजनं; देवनागरीत दोन्ही ‘अ’मध्ये बुडतात. म्हणून शमुवेल म्हणजे ‘देवानं ऐकलं’ असं बिनधास्त सांगितलं जातं. पण ऐकण्याच्या धातूत शेवटी अयिन लागतं, आणि शमुवेलमध्ये ते नाहीच. तिथं आहे ‘शेम’, म्हणजे नाव: ‘एलचं नाव’ किंवा ‘त्याचं नाव एल’. गंमत म्हणजे खुद्द ग्रंथातली फोड तिसरीच आहे. शमुवेलची आई हन्ना म्हणते, मी याला याहवेकडे मागितलं. मागणे म्हणजे शाअल, आणि त्या धातूचं सरळ रूप आहे शौल, इस्रायलच्या पहिल्या राजाचं नाव!

ग्रंथातल्या अशा फोडी व्युत्पत्ती म्हणून वाचू नयेत. तो नादाचा खेळ आहे. मोशेचंच बघा. फारोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून ओढून काढलं, आणि माशा म्हणजे ओढून काढणे. पण व्याकरणानं मोशे म्हणजे ‘ओढणारा’. ओढून काढलेल्याला ‘माशूय’ म्हणायला हवं होतं. बहुतेक अभ्यासक या नावाच्या मुळाशी इजिप्शियन ‘मस्’, म्हणजे जन्मलेला, हा शब्द मानतात. थुतमोस आणि रामसेस या नावांत तोच आहे.

काही नावं मुद्दाम बिघडवलेली आहेत. शौलाचा मुलगा इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात एश्बाल, तर शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात ईश-बोशेथ. बाल म्हणजे धनी. पण ते परक्या देवाचंही नाव, म्हणून त्याजागी बोशेथ, म्हणजे लाज, घातलं गेलं. इस्रायलमधल्या खिर्बेत कैयाफा इथल्या सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या एका रांजणावर ‘एश्बाल बेन बेदा’, म्हणजे बेदाचा मुलगा एश्बाल, अशी अक्षरं आहेत. तो दुसराच कुणी, पण नाव त्या काळी चालतं होतं एवढं त्यातून कळतं.

स्पेलिंगवरून मुलूखही ओळखता येतो. समारियात 1910 साली सापडलेल्या खापरांवर, म्हणजे उत्तरेच्या इस्रायल राज्यात, नावांचा शेवट य-व असा लिहिलेला आहे. दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या लाखीशच्या खापरांवर तो य-ह-व, म्हणजे याहू. खोटी पुरातन वस्तू तपासताना नावाच्या शेवटची ही अक्षरं आधी बघावीत.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी तर ही नावं मराठी वळणावर नेली. मुंबईतलं शाआर हारहमीम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1796 साली बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर ओळखले जात ते सामाजी हसाजी म्हणून. यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देवो’. दोन्ही नावांतला ‘एल’ गळून पडलाय आणि त्याच्या जागी ‘जी’ येऊन बसलाय.