ऊलाँग: चहा तीनशे वर्षांचा, ‘औषध’ हल्लीचं

ऊलाँगच्या डब्यावर हल्ली दोन गोष्टी हमखास छापलेल्या दिसतात: ‘प्राचीन चिनी परंपरा’ आणि ‘वजन घटवण्यासाठी उपयुक्त’. त्या शेजारी-शेजारी असल्यामुळे वाचणाऱ्याचा समज होतो, की चिनी माणसं शतकानुशतकं चरबी उतरवायला हा चहा पीत आली. चहा जुना आहे, यात वाद नाही. वजनाची कथा मात्र जेमतेम पंचेचाळीस वर्षांची, आणि तीही जपानमध्ये रुजलेली.

मूळ गाव फुजियान प्रांत. सोंग घराण्याच्या काळात इथून सम्राटाकडे जायचा तो चहा वड्यांच्या रूपात, दाबून, वर ड्रॅगनचे ठसे उमटवून. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याने १३९१ मध्ये या खर्चिक वड्यांचा नजराणा बंद केला आणि सुट्या पानांचा चहा मागवला. पुढे फुजियानमधल्याच वुयी डोंगरातल्या लोकांनी सुट्या पानांवर जे प्रयोग केले, त्यांतून ऊलाँग घडला. त्या भागात अधिकारी राहिलेल्या लू थिंगत्सानने १७३४ मध्ये पूर्ण केलेल्या चहाविषयक ग्रंथात या कृतीचं वर्णन आहे: पानं बांबूच्या परड्यांत पसरून उन्हावाऱ्यात ठेवायची, हलवायची, सुगंध सुटला की लगेच कढईत परतायची, मग शेकायची. तयार चहा निम्मा हिरवा, निम्मा तांबूस.

आजही कृती तीच. सगळी गोम त्या हलवण्यात आहे. परडीत पानं घोळली, की त्यांच्या कडा दुखावतात आणि तेवढ्याच लाल होतात. सफरचंदाची फोड हवेत काळवंडते, तसंच. मधला भाग हिरवाच राहतो. कढईचा चटका बसला की ही क्रिया थांबते. चटका कधी द्यायचा, हे कारागीर घड्याळापेक्षा नाकाला विचारून ठरवतो. लवकर दिला तर चहा ग्रीन टीकडे झुकतो, उशिरा दिला तर आपल्या नेहमीच्या काळ्या चहाकडे. ऊलाँगचे इतके प्रकार होण्याचं निम्मं कारण हेच. उरलेलं निम्मं कारण म्हणजे झाडाची जात, जमीन आणि कोळशाच्या धगीवरची भाजणी.

वुयीच्या कातळी जमिनीतला चहा गडद आणि भाजका. त्यातला सर्वांत गाजलेला दा होंग पाओ. त्याची कड्यावरची सहा मूळ झाडं इतकी मौल्यवान ठरली, की २००२ मध्ये त्यांच्या वीस ग्रॅम चहाला लिलावात १ लाख ८० हजार युआन मिळाले; २००६ पासून त्यांची खुडणीच बंद आहे. बाजारात त्या नावाने मिळतो तो कलमांचा किंवा मिश्रणाचा चहा, आणि त्यात फसवणूक काही नाही. दक्षिण फुजियानमधल्या आन्शीचा थ्ये क्वान यिन गोळीसारखा वळलेला, फुलांच्या वासाचा. ग्वांगडोंगच्या फिनिक्स डोंगरावरच्या दान्त्सोंग ऊलाँगला तर वासावरूनच नावं दिली जातात.

तैवानला हा चहा फुजियानमधून समुद्र ओलांडून आलेल्यांनी नेला. पण त्याला जागतिक बाजार दाखवला जॉन डॉड या स्कॉटिश व्यापाऱ्याने. त्याने आन्शीची रोपं आणवली, शेतकऱ्यांना उचल दिली आणि १८६९ मध्ये सुमारे १२७ टन ‘फोर्मोसा ऊलाँग’ (फोर्मोसा हे तैवानचं जुनं नाव) थेट न्यूयॉर्कला धाडला. तैवानच्याच ‘ओरिएंटल ब्युटी’ या ऊलाँगची गंमत अशी, की तुडतुड्यांनी पानं चावल्याशिवाय त्याला तो मधाळ वास येतच नाही. फवारणी केली की मालाची किंमत गेली!

या सगळ्या काळात ऊलाँगचं कौतुक होत होतं ते वासाचं आणि चवीचं. कवी आणि खवय्या युआन मेई याला आधी वुयीचा चहा आवडत नसे. का, तर औषध प्यायल्यासारखा कडू लागतो म्हणून! १७८६ मध्ये तो डोंगरावर गेला. तिथल्या साधूंनी अक्रोडाएवढ्या कपांत चहा दिला. आधी वास घ्यायचा, मग घोट घोट प्यायचा. तेव्हा कुठे त्याचं मत पालटलं.

चित्र बदललं ते १९७९ च्या सुमारास. जपानमध्ये ‘पिंक लेडी’ या लोकप्रिय गायिका-जोडीच्या सडपातळपणाचं श्रेय ऊलाँगला दिलं गेलं आणि मागणी उसळली. १९८१ मध्ये तो डबाबंद होऊन आला. २००६ मध्ये सन्टोरी या जपानी पेय कंपनीने चरबीच्या शोषणावर बोट ठेवून ‘ब्लॅक ऊलाँग’ काढला. संशोधनही याच लाटेच्या मागोमाग वाढलं.

त्यातला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. २००१ मध्ये अमेरिकेत बारा पुरुषांना तीन-तीन दिवस ऊलाँग पाजला, तेव्हा दिवसाचा ऊर्जाव्यय २.९ टक्क्यांनी, म्हणजे ६७ कॅलरींनी वाढला. एका पोळीचाही हिशेब त्यात बसत नाही. शिवाय चहाइतकंच कॅफिन घातलेल्या पाण्यानेही जवळपास तेवढीच, ३.४ टक्के वाढ दाखवली, हे जाहिरातीत येत नाही. २००३ मध्ये तैवानमध्ये मधुमेहाच्या वीस रुग्णांनी महिनाभर रोज दीड लिटर ऊलाँग घेतला आणि त्यांची साखर उतरली. पण त्यांची औषधं चालूच होती, आणि वीस माणसांवरून उपचार ठरत नाहीत.

पॉलिफेनॉल्स, म्हणजे आरोग्याला चांगली मानली जाणारी वनस्पतींमधली संयुगं, त्यात आहेत, तशी ती ग्रीन टीतही आहेत आणि काळ्या चहातही. कॅफिनही आहे, म्हणून रात्री उशिरा नको, गरोदरपणी बेतानेच. आणि शरीरात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर घेऊ नये, जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा.