फाशी यार्ड

मृत्युदंड सुनावलेल्या कैद्यांना वेगळे ठेवण्यासाठी कारागृहात राखलेला कोठड्यांचा भाग. महाराष्ट्रात येरवडा व नागपूर मध्यवर्ती कारागृहांच्या संदर्भात हे नाव विशेष रूढ आहे. ‘अंडा सेल’ म्हणजे फाशी यार्ड नव्हे. ती अतिसुरक्षा कोठडी असून तिथे कच्चे कैदीही असतात.

मूळ तरतूद 1894 च्या तुरुंग अधिनियमातील कलम 30 ची. कैदी आत येताच अंगझडती घ्यावी, धोक्याच्या वस्तू काढून घ्याव्यात, त्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत ठेवावे आणि रात्रंदिवस पहारा बसवावा, असे ते सांगते. प्रथा मात्र अधिनियमापेक्षा जुनी असावी.

खरा वाद ‘फाशीची शिक्षा झालेला कैदी’ कोणाला म्हणावे, हा आहे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय आणि राज्यपाल व राष्ट्रपतींकडील दयेचा अर्ज (अनुच्छेद 161 व 72) हे मार्ग उरतात. तुरुंग प्रशासन सत्र न्यायालयाच्या निकालापासूनच कलम 30 लावत असे. सुनील बत्रा खटल्यात (1978) सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला: कोणत्याही न्यायालयीन वा घटनात्मक मार्गाने शिक्षा रद्द होण्याची शक्यता संपल्यावरच हे कलम लागू होते. तोवर कैदी इतर बंद्यांना दिसेल, त्यांचे आवाज त्याच्या कानी पडतील असा ठेवावा आणि त्याला त्यांच्यासोबत जेवता यावे. एकांतवास ही तत्कालीन भारतीय दंडसंहितेतील (कलम 73; 2024 पासून भारतीय न्याय संहितेतील कलम 11) स्वतंत्र शिक्षा आहे. ती न्यायालयानेच द्यायची, तीही एकूण तीन महिन्यांपर्यंत; फाशीत ती गृहीत नाही. हाच अर्थ ग्राह्य धरणे योग्य. तरीही शत्रुघ्न चौहान निकालात (2014) तो पुन्हा बजावावा लागला, यावरून प्रत्यक्ष व्यवहार किती मागे राहिला ते दिसते.

फाशीच्या अंमलबजावणीतील विलंबाबाबतही मतभेद झाले. 1983 मध्ये वतीश्वरन निकालाने दोन वर्षांचा विलंब शिक्षा सौम्य करण्यास पुरेसा मानला. त्याच वर्षी शेरसिंग निकालाने ही मुदत नाकारली. त्रिवेणीबेन (1989) खटल्यात ठराविक कालमर्यादा नसल्याचे ठरले. 2014 च्या निकालाने मात्र विलंब, वेडसरपणा इत्यादी कारणांवरून 15 जणांची फाशी जन्मठेपेत बदलली.

फाशी ही सक्तमजुरी नसल्याने या कैद्यांवर कामाचे बंधन नाही; दिवस मोकळा जातो आणि तोच अनेकांना जड होतो. दयेचा अर्ज फेटाळल्याची लेखी खबर कैद्याला मिळाल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस जावे लागतात. त्या अवधीत घरच्यांची अखेरची मुलाखत घडवून आणणे प्रशासनावर बंधनकारक आहे.