कोळ्याची सही

पावसाळा सरत आला की आमच्या जास्वंदीच्या दोन फांद्यांमध्ये हे जाळं हमखास दिसतं. मधोमध पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची कोळीण, डोकं खाली, आठ पाय असे जोडीजोडीने ताणलेले की लांबून चारच वाटावेत. पाय संपतात तिथून पुढे पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण, फुलीच्या आकारात. घाईत सही ठोकावी तशी. म्हणून नावही ‘सिग्नेचर स्पायडर’. शास्त्रीय प्रजातीनाव (जीनस) आर्जिओपी. जाळ्याच्या कडेला एखादा किरकोळ तपकिरी ठिपका दिसला, तर ते बहुधा नवरोबा.

ही सही कशासाठी? १८९५ मध्ये फ्रेंच कोळीतज्ज्ञ युजीन सिमाँ यांनी तिला ‘स्टॅबिलिमेंटम’ म्हटलं, म्हणजे जाळ्याला स्थैर्य देणारी. नाव चिकटलं, कारण मात्र पटेना. जाळं पुरं झाल्यावर वरून सैलसर घातलेली वीण ते कितीसं पेलणार?

मग दोन तट पडले. एक म्हणतो, हे रेशीम अतिनील किरण परावर्तित करतं आणि कीटक भुलून येतात. दुसरा म्हणतो, ही पक्ष्यांसाठी ‘इथे जाळं आहे’ अशी पाटी आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत आयस्नर आणि नोविकी यांनी साध्या जाळ्यांवर खोट्या खुणा लावून पाहिल्या, तर पहाटे पक्षी उडू लागल्यावर खुणेची जाळी जास्त टिकली. १९९९ मधल्या एका अभ्यासात सजवलेल्या जाळ्यात शिकार जवळपास ३० टक्क्यांनी कमी मिळाली, पण पक्ष्यांकडून होणारी मोडतोडही घटली. मला पाटीवालेच जास्त पटतात. रात्री जाळं लावून दिवसा पानाआड दडणारे कोळी असली नक्षी काढत नाहीत; दिवसभर उघड्यावर बसणाऱ्यांनाच तिची गरज.

पण एक गोम आहे. या नक्षीचं रेशीम तेच, ज्यात कोळीण भक्ष्य गुंडाळते. गुंडाळण्यात ते खर्ची पडलं की पुढची नक्षी उलट वाढते, असंही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे रेशमाच्या ग्रंथी चालू ठेवण्याचा हा उद्योग तर नव्हे?

पिल्लं फुली काढत नाहीत, गोल चकती विणतात. मोठ्यांचंही ठरलेलं काही नाही. आमच्या कोळिणीने परवा फुलीच्या चारही रेघा काढल्या होत्या, काल दोन. आज एकच, तीही अर्धवट. फांदीला बोट लावलं तर तिने सगळं जाळं असं गदगदा हलवलं की सही आणि सही करणारी, दोन्ही धूसर झाल्या.