पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल आणि फिल्टर: गाडी आमच्याकडे सोडण्याआधी

गिअरबॉक्सचं ऑईल बदलायला गाडी दिली की जुनं सगळं निघतं आणि नवं भरलं जातं, अशी बहुतेकांची समजूत असते. इंजिनाच्या बाबतीत ते जवळपास खरं आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र नाही. मोठ्या पिकअपमध्ये साधारण १० ते १३ लिटर ऑईल असतं. खालचा पॅन उतरवला की त्यातलं ४ ते ६ लिटर बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि पाइपांमध्ये तसंच राहतं. म्हणून काम झाल्यावर आठवड्याभराने डिपस्टिक (ऑईलची पातळी पाहायची पट्टी) पाहिलीत आणि ऑईल लालभडक न दिसता थोडं काळपट दिसलं, तर आम्ही बदललंच नाही असं समजू नका. जुन्यात नवं मिसळलंय, इतकंच.

बरंच जास्त बदलायचं असेल, तर मध्ये काही दिवस गाडी चालवून आणखी एक-दोनदा पॅनमधलं ऑईल बदलायचं. मशीन लावून सगळं ऑईल एका बैठकीत ढकलून काढायचीही पद्धत आहे. पण पॅन न उघडता नुसतं मशीन लावून दिलेली गाडी आम्हाला आवडत नाही. फिल्टर जुनाच राहतो आणि आत काय साचलंय ते कुणीच पाहिलेलं नसतं.

आमच्या मते या कामातला निम्मा फायदा पॅन उघडून आत पाहण्यात आहे. तळाशी एक लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप बसलेला दिसला तर घाबरू नका, तेवढी झीज प्रत्येक गिअरबॉक्समध्ये होते. बोटाला टोचणारे कण, चकाकणाऱ्या काड्या किंवा धातूचा तुकडा निघाला तर गोष्ट वेगळी. तिथे नवं ऑईल ओतून काही सुधारत नाही. काळा, भुकटीसारखा गाळ क्लच प्लेटांच्या अस्तराचा असतो. ऑईलचा रंग गुलाबी दुधासारखा झाला असेल, तर बहुतेक वेळा रेडिएटरमधल्या कूलरला छिद्र पडून कूलंट आत शिरलेलं असतं. अशी गाडी चालवत आणू नका, उचलून आणा. (काही जुन्या फोर्ड पिकअपचा पॅन पहिल्यांदाच उघडला की आत प्लास्टिकचं एक बूच सापडतं. कारखान्यात डिपस्टिकच्या भोकाला लावलेलं ते बूच जोडणीच्या वेळी आत ढकललं जातं. गिअरबॉक्सचं काही तुटलेलं नसतं.) पॅन पुसण्याआधी आम्ही तुम्हाला बोलावून दाखवतो. येणं जमत नसेल तर फोटो पाठवतो.

फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला बसतो, म्हणजे गिअरबॉक्सला मिळणारा प्रत्येक थेंब त्यातूनच वर जातो. तो तुंबला की पंप उपाशी राहतो. बदलताना होणारी नेहमीची चूक म्हणजे जुन्या फिल्टरच्या नळीवरचं रबरी सील वर भोकातच अडकून राहणं. त्यावर नवं बसवलं की ते नीट बसत नाही, पंप ऑईलबरोबर हवा ओढतो आणि गाडी घरी पोचेपर्यंत गिअर घसरायला लागतात. जुनं सील हातात आल्याशिवाय आम्ही नवा फिल्टर चढवत नाही.

गॅस्केटला (पॅनच्या कडेवरून गळती होऊ नये म्हणून मध्ये बसवायची पट्टी) सिलिकॉनचा जाड थर लावणाऱ्यांपासूनही सावध राहा. आतल्या बाजूला दाबून निघालेलं सिलिकॉन सुटतं आणि फिल्टरवर जाऊन बसतं. पॅनचे बोल्ट बारीक असतात, बऱ्याच गाड्यांत ते आवळायला १० ते १५ न्यूटन मीटर इतकाच जोर पुरतो. जोर लावला की पॅनची कड वाकते आणि मग कुठलंही गॅस्केट घाला, गळती थांबत नाही.

ऑईल कोणतं, याबद्दल आम्ही वाद घालत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरतो. इथे ऑईल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात आणि त्या प्लेटा किती घट्ट धरतील हेही ऑईलमधल्या रसायनांवर ठरतं. डेक्सरॉन ६, एटीएफ+४, टोयोटाचं डब्ल्यूएस ही सगळी दिसायला लालच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. मरकॉन व्ही आणि मरकॉन एलव्ही तर नावानेही जुळी वाटतात, तरी दुसरं पहिल्यापेक्षा खूप पातळ असतं.

केव्हा बदलायचं? ट्रेलर ओढणारी, कायम माल भरलेली, घाटात किंवा कोंडीत चालणारी गाडी असेल तर साधारण ५०,००० किलोमीटरला. हलक्या वापराला १ लाखापर्यंत चालतं, शेवटचा शब्द मॅन्युअलचा. ऑईल मरतं ते मुख्यतः उष्णतेने. काही कंपन्या ‘लाइफटाइम ऑईल’ म्हणतात. आयुष्य गाडीचं की वॉरंटीचं, ते मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

गिअर आधीच घसरत असतील, ‘डी’त टाकल्यावर गाडी विचार करून हलत असेल आणि ऑईलला करपलेला वास येत असेल, तर आधी आम्हाला तसं सांगा. प्लेटा झिजलेल्या असतील तर नव्या ऑईलने त्या परत येत नाहीत. अशी गाडी ऑईल बदलल्यावर बंद पडते आणि दोष नव्या ऑईलवर जातो. आम्ही अशा वेळी पॅन उघडून पाहतो आणि पुढे जायचं की नाही, ते तुम्हालाच ठरवू देतो.

भरल्यानंतरची पातळी हे सगळ्यात नाजूक काम. बहुतेक पिकअपमध्ये ती इंजिन चालू ठेवून, लिव्हर प्रत्येक गिअरमधून फिरवून, ‘पी’मध्ये आणून पाहायची असते. तीही ठरलेल्या तापमानाला: काहींत ४० अंश सेल्सियसच्या आसपास, काहींत ९० च्या पुढे. ऑईल तापलं की फुगतं, त्यामुळे थंड गाडीत गरम खुणेपर्यंत भरलं तर ते जास्त होतं. जास्त झालं की फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाने क्लच आवळला जात नाही. डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत बाजूचा प्लग उघडून तिथून धार थांबून थेंब पडेपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे गाडी उभ्याउभ्या मिळणार नाही, अर्धा दिवस धरा.

नेल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पॅनच्या कडेला बोट फिरवून पाहा. ओलं लागलं तर लगेच घेऊन या, पुन्हा बसवून देऊ. जुनं ऑईल घरी नेऊन गटारात ओतू नका, ते आमच्याच पिंपात राहू द्या.