बाळंतपणानंतरचं पोट आणि बेंबीजवळचा फुगवटा

सोलापूरच्या पूर्व भागात बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळत बसतात. बाळंतपणाला वर्ष झालेली एखादी उठायला लागली की पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो. घरातल्या म्हणतात, "बाळंतपणात पोट नीट बांधलं नाही, म्हणून सुटलं." हा ठपका तिच्यावर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात. त्यांना जोडणारी मधली पट्टी गर्भाशय वाढेल तशी रुंद आणि पातळ होते. शेवटच्या महिन्यांत हे अंतर जवळपास सगळ्याच जणींना पडतं आणि बाळंतपणानंतर पहिल्या आठ आठवड्यांत बरंचसं भरून येतं. तरीही नॉर्वेत ३०० पहिलटकरणींच्या अभ्यासात (२०१६) वर्षभरानंतर साधारण तिघींपैकी एकीला ते होतंच. पोट बांधल्याने आधार मिळतो, कंबरेला बरं वाटतं. पण त्याने पट्टी जुळून येत नाही.

उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं आडवी ठेवून दाबा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली, तर अंतर राहिलंय. मग श्वास सोडत पोट हळूच आत घेण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. अंतर पूर्ण मिटेलच असं नाही, पण पोटात ताकद येते. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, हाताचा टेका घेऊन उठावं. उंचवटा येत असेल तर सिट-अप्स तूर्त नकोत.

हर्नियाचं तसं नाही. चादर विरविरीत होणं वेगळं, तिला भोक पडणं वेगळं. पट्टी ताणली तरी सलग असते. हर्नियात भोकातून चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. बेंबीजवळ किंवा सिझरच्या टाक्यांपाशी गोळा दिसतो, खोकलं की फुगतो, आडवं झालं की बहुधा आत जातो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, पाण्याच्या जड घागरी यांनी तो वाढतो. मोठ्या माणसाचं हे भोक व्यायामाने बुजत नाही, सर्जनला दाखवावंच लागतं. त्रास नसेल आणि आणखी मूल हवं असेल, तर ऑपरेशन बहुतेकदा पुढच्या बाळंतपणानंतर ठेवतात.

मात्र गोळा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या किंवा कातडी लाल-काळी पडली, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता थेट सिव्हिल गाठावं.