‘दार लावून प्रार्थना करा’ म्हणजे चर्चला जाऊ नका?

शरणपूर रोडच्या बाजूला राहणाऱ्या आम्हा नाशिककर ख्रिस्ती घरांत एक मेसेज फिरून फिरून येतो: ‘येशूने खोलीत दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय, मंडळीत जमायची गरज नाही.’ (मंडळी म्हणजे चर्चमध्ये एकत्र जमणारे विश्वासी.)

वचन खरं आहे, मत्तय ६:६, म्हणजे बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय, सहावं वचन. त्यामुळे वाचणाऱ्याला पटतं, यात नवल नाही. पण एक ओळ वर जा. पाचव्या वचनात बोलणं आहे ते लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांविषयी. म्हणजे आक्षेप दिखाव्यावर आहे, सोबतीवर नाही.

आता तीन ओळी खाली या. तिथे प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, सुरू होते. घरातलं मराठी पवित्र शास्त्र उघडा आणि पेन्सिलीने सर्वनामं मोजा: ‘आमच्या’ पित्या, ‘आमची’ भाकर, ‘आमची’ ऋणं. ‘माझी’ एकदाही नाही. सहाव्या वचनात ‘तू’ आहे, नवव्यात ‘तुम्ही’. (आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’च, इथे मराठी वाचणारा फायद्यात.)

मत्तय १८:२० मध्ये दोघे-तिघे जमल्याचा उल्लेख आहे, प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिली मंडळी एकत्र प्रार्थना करताना दिसते, आणि इब्री १०:२५ तर एकत्र जमणं सोडू नका असंच म्हणतं.

अंथरुणाला खिळलेल्या आजीची खोलीतली प्रार्थना यामुळे उणी ठरत नाही. तिच्या खाटेजवळ चौघं जाऊन बसली, तर तीही मंडळीच.