फ्लॅट विकायला काढताय? दाखवायला सुरुवात करण्याआधी हे वाचा

नमस्कार. पुण्यात रिसेलचा फ्लॅट विकायला काढला की बहुतेक जण पहिला फोन एजंटला लावतात आणि दुसरा रंगाऱ्याला. आमचं म्हणणं एवढंच, की रंगाऱ्याला जरा थांबवा. आम्ही फ्लॅट विकून देत नाही, विकण्याआधी तो दाखवण्याजोगा करून देतो. त्यात काय करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत हे दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय.

आधी घेणाऱ्याचा खिसा बघू

समजा तुमच्या टू बीएचकेचे 80 लाख ठरले. घेणाऱ्याला बँक जास्तीत जास्त 80 टक्के देणार, म्हणजे 16 लाख त्याने घरचे घालायचे. वर पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळं धरून 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार (फक्त बाईच्या नावावर घेतला तर 1 टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे 30 हजार वेगळे, आणि स्टॅम्प ड्युटीला बँक लोन देत नाही. म्हणजे माणूस जवळपास 22 लाख रोकडा जमवून तुमच्या दारात आलेला असतो, त्यात बायकोचं सोनं असतं, वडिलांची एफडी मोडलेली असते. त्याच्याकडे ताबा मिळाल्यावर बाथरूम फोडायला पैसे उरलेले नसतात. म्हणून भिंतीवर ओल दिसली की तो दुरुस्तीचा खर्च विचारतच नाही, मनातल्या मनात एकदम दोन-तीन लाख कापतो आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघतो.

म्हणून आमचा क्रम उलटा असतो. आधी भीती घालवायची, सजावट नंतर, आणि बऱ्याचदा सजावटीची गरजच पडत नाही.

ओल

सगळ्यात जास्त व्यवहार इथे अडतात. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून असते तिच्यावर स्कर्टिंगच्या वर फूट-दीड फुटापर्यंत रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात, हात लावला तर पांढरी भुकटी बोटाला लागते. घर बघायला आलेले काका हमखास तिथेच अंगठा दाबून बघतात, आणि पलंग किंवा कपाट सरकवून ती जागा झाकली असेल तर कपाटामागे मोबाइलचा टॉर्च मारतात.

नुसता रंग मारून हे जात नाही, पुढच्या पावसात पुन्हा वर येतं, आणि एकाच भिंतीवर ताज्या रंगाचा पट्टा दिसला की संशय उलट वाढतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं: बाथरूमच्या फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅपचा (बाथरूमचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भागाचा) जोड, नाहीतर भिंतीतली पाइप. घरच्या घरी एक साधी टेस्ट करता येते. प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब साचले तर पाणी भिंतीतूनच येतंय, बाहेरच्या बाजूला साचले तर हवेतला दमटपणा आहे, तिथे खिडकी उघडी ठेवून आणि एक्झॉस्ट फॅन लावून भागतं.

दुरुस्ती झाली की पोपडे पार प्लास्टरपर्यंत खरवडून भिंत पूर्ण सुकू द्यायची, मगच पुट्टी, प्रायमर, रंग. रंग सगळ्या खोलीला लावा, फिकट ऑफव्हाइट. डाग छतावर असेल तर वरच्या फ्लॅटवाल्यांशी आणि सोसायटीशी आधी बोला, ते काम तुमच्या हातात नाही आणि त्याला महिने लागू शकतात.

दुरुस्ती केली असेल तर बिल जपून ठेवा आणि घेणाऱ्याला आपणहून दाखवा. ओलीवर वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनल चिकटवून द्यायचं काम आम्ही घेत नाही, कृपया आग्रह करू नका.

सामान कमी, उजेड जास्त

इथे खर्च जवळजवळ नाहीच, पण जिवावर येतं. वीस वर्षं राहिलेल्या घरात लॉफ्टवर रिकामे खोके, गॅलरीत जुनी सायकल, दाराशी चपलांचा ढीग, फ्रिजवर औषधं आणि लग्नपत्रिका असं सगळं असतंच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याच्यामुळे दहा बाय बाराची खोली आठ बाय दहाची दिसते. जे नव्या घरी नेणार नाही ते आत्ताच काढा. जादाचं कपाट, डायनिंगच्या दोन खुर्च्या नातेवाइकांकडे ठेवून द्या. देवघर मात्र हलवू नका, लोक ते बघतातच, फक्त तेल-काजळी पुसून घ्या.

ट्यूब आणि बल्ब एकाच रंगाचे लावा. हॉलमध्ये एक पिवळा आणि एक निळसर पांढरा असला की चांगला रंगसुद्धा मळका दिसतो. ग्रिलवरचे वाळत घातलेले कपडे काढा, पडदे उघडे ठेवा, आणि बघायला येणाऱ्यांना तुमच्या घरात ऊन येतं त्याच वेळेला बोलवा, पूर्वेच्या गॅलरीचं घर संध्याकाळी सातला दाखवण्यात काय अर्थ?

स्वयंपाकघरात चिमणीचा चिकटा आणि सिंकखालची गळती, एवढ्या दोनच गोष्टी आधी बघा. नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतात, ते लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतात. संगमरवरावर मात्र ते किंवा ॲसिड कधीच वापरू नका, चकाकी जाते ती जातेच. आणि माणसं यायच्या आधी घरभर उदबत्त्या लावू नका हो, वास कसला लपवताय हाच प्रश्न पडतो.

विकण्यासाठी म्हणून नवीन मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, इटालियन टाइल्स करू नका. घेणाऱ्याची आवड वेगळी असते आणि तो खर्च भावात पुरता वसूल होत नाही. हे आमच्या धंद्याच्या विरोधात आहे, तरी सांगतोय.

कागद

फाइल तयार ठेवा: मूळ ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कम्प्लीशन (इमारत पूर्ण झाल्याचा दाखला), टॅक्स पावती, लाइट बिल, सोसायटीचा नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला). लोन चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे जमा असलेल्या कागदांची यादी मागून घ्या. गॅलरी आत घेतली असेल तर मंजूर नकाशा शोधून ठेवा, कारण बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा माणूस) तो धरूनच मोजमाप करतो. सोसायटीची ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत 25 हजारांच्या वर घेता येत नाही, डोनेशन म्हणूनही नाही, पण कमिटीशी भांडण टोकन (बयाणा) घेतल्यानंतर काढू नका, आधी मिटवा.

वेळ

पितृपक्षात टोकन द्यायला फारसं कोणी तयार नसतं. पावसाने भिंतीवर काय काय केलंय ते तोवर दिसलेलं असतं, तेव्हा ते पंधरा दिवस कामाला वापरा. काम मोठं असेल तर गणपतीच्या आधीच आम्हाला बोलवा म्हणजे घटस्थापनेला घर दाखवता येईल.

आमची पहिली भेट फुकट असते. ती दिवसाउजेडी ठरवा, त्या आठवड्यात भिंतीला हात लावू नका, आणि लॉफ्टची शिडी घरात असू द्या.